निथळणारा घाम गारवा देत नाही

ऑक्टोबरात पाऊस सरतो, वाटा मोकळ्या होतात आणि दापोली-चिपळूणकडची मित्रमंडळी एका दिवसात गड करून यायला निघतात. खेडजवळच्या रसाळगड, सुमारगड, महिपतगडाच्या चढणीवर कुणीतरी हमखास दगडावर टेकतं आणि म्हणतं, "वर हवा विरळ ना, म्हणून दम लागतोय."

खरं तर सह्याद्रीतलं सर्वांत उंच कळसूबाईही १६४६ मीटरच. विरळ हवेचा आजार साधारण २५०० मीटरच्या पुढे गाठतो. तो हिमालयातला प्रश्न. कोकणातून वर चढणाऱ्याची गाठ असते ती स्वतःच्या अंगातल्या उष्णतेशी.

हिशोबच करून पाहू. माणूस साठ किलोचा, पाठीवर दहा किलो, चढ ८०० मीटर. हे वजन वर न्यायला सुमारे १३० किलोकॅलरी लागतात. पण स्नायू खर्चलेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा कामाला लावतात, बाकीची उष्णता होते. म्हणजे निदान ४०० किलोकॅलरी उष्णता अंगाबाहेर टाकायची. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी ओढून नेतो. तेव्हा पाऊण लिटर घाम पुरायला हवा, पण तो वाळला तर!

इथेच कोकण वेगळं पडतं. जमीन अजून ओली, समुद्राकडून येणारी हवा बाष्पाने भरलेली, झाडीत पान हलत नाही. घाम वाळतच नाही, कोपरावरून थेंब थेंब गळतो. गळलेल्या थेंबाबरोबर पाणी आणि मीठ जातं, उष्णता मात्र अंगातच राहते. मग शरीर आणखी घाम काढतं. खिंडीत पोचल्यावर वारा लागतो, सदरा वाळू लागतो, अंगावर शिरशिरी येते आणि बॅगेच्या पट्ट्यांखाली मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात. हजार मीटरवर तापमान पाच-सहा अंशांनी उतरलेलं असतं, हे खरं. पण माझ्या मते माणसाला सावरतो तो मुख्यतः वाराच.

गेलेलं मीठही भरून यायला हवं. तासन्‌तास नुसतं पाणी ढोसत राहिलं, तर रक्तातलं सोडियम घसरून वेगळंच संकट ओढवतं. निघताना मीठ घातलेली पेज आणि बाटलीत कोकमाचं खारट सरबत, यापेक्षा चांगली तयारी मला तरी सुचत नाही.

ऊन लागलेल्याला स्वतःला ते कळत नाही, सोबत्यांनाच दिसतं. बोलणं असंबद्ध होतं, उगाच चिडचिड होते, सपाट वाटेवरही पाय अडखळतो. अंग घामाने ओलं असतानाही उष्माघात होतो, त्यामुळे त्यावरून निश्चिंत होऊ नये. अशा वेळी आधी त्याला तिथेच सावलीत गार करायचं, उतरवायचं नंतर. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, टॉवेलने सतत वारा घाला आणि एकाला मदत बोलवायला पाठवा. शुद्ध हरपलेली असेल, तर तोंडात पाणी मुळीच ओतू नका.