बूथनिहाय निकाल कुठे मिळतो आणि नकाशावर कसा बसतो
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

निकाल लागला की आमच्याकडे एकच विचारणा सुरू होते : कोणत्या गावाने लीड दिला, कुठे तुटला, ते नकाशावर दाखवाल का? दाखवतो. पण पैसे देण्याआधी एवढं माहीत असू द्या, की बूथनिहाय निकाल सरकारी आहे, सगळ्यांसाठी खुला आहे आणि फुकट आहे. ‘आतला डेटा’ म्हणून कुणी तो विकत असेल तर घेऊ नका. आम्ही पैसे घेतो ते आकडे तपासून गावांशी जुळवण्याचे.

कागद कोणता?
निकालाच्या दिवशी भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मतदारसंघाचा आकडा दिसतो. बूथचा आकडा असतो फॉर्म 20 मध्ये, म्हणजे अंतिम निकालपत्रकात. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो पीडीएफ स्वरूपात मिळतो. लोकसभेचा फॉर्म 20 सुद्धा विधानसभा मतदारसंघवार असतो. एका ओळीत एक मतदान केंद्र, पुढे प्रत्येक उमेदवाराची मतं, मग नोटा आणि बेरीज. टपाली मतं अगदी तळाशी, एकगठ्ठा. त्यांना बूथ नसतो, म्हणून नकाशावरची बेरीज जाहीर निकालापेक्षा कमी भरते. त्यावरून घोटाळ्याचा निष्कर्ष काढू नका.

अनेक पीडीएफ स्कॅन केलेल्या, क्वचित आडव्या असतात. संगणकाने वाचताना 3 चा 8 होतो. म्हणून आम्ही प्रत्येक ओळीची आडवी आणि प्रत्येक उमेदवाराची उभी बेरीज लावतो. दोन्ही जुळल्याशिवाय काम पुढे नेत नाही. तुमच्या मतदान प्रतिनिधीकडे फॉर्म 17 सी ची, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत असेल तर आणा. त्या बूथवर एकूण किती मतं नोंदली गेली, हे त्यावरून पडताळता येतं.

जिल्हा म्हणजे लोकसभा नव्हे
जळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या 11 जागा. त्यातल्या 6 जळगाव लोकसभेत, 5 रावेरमध्ये. रावेरची सहावी जागा मलकापूर, ती बुलढाणा जिल्ह्यात. साक्री आणि शिरपूर धुळे जिल्ह्यात असूनही मतदान करतात नंदुरबार लोकसभेसाठी. धुळे लोकसभेच्या निम्म्या जागा (मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य, बागलाण) नाशिक जिल्ह्यातल्या. 2024 मध्ये धुळ्याचा निकाल 3,831 मतांनी लागला. नुसत्या धुळे जिल्ह्याचा नकाशा काढा, त्यात हरलेला उमेदवार पुढे दिसेल. मालेगाव मध्य घातल्यावरच खरा निकाल कळतो.

2009 च्या आधीचे आकडे मागू नका असं नाही, पण मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यामुळे ते सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. तेव्हा यावल हा स्वतंत्र मतदारसंघ होता, आज नाही.

खरी डोकेदुखी
बूथ क्रमांक कायम राहत नाही. मतदार वाढले की केंद्र फुटतं, सहाय्यकारी केंद्र जोडलं जातं आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. 2019 चा 112 आणि 2024 चा 112 एकच असेल, असं धरून केलेली तुलना कचऱ्यात टाकण्याच्या लायकीची. आम्ही मतदारयादीच्या त्या त्या भागाचं पहिलं पान काढतो. त्यावर कोणती गावं, कोणत्या वस्त्या, केंद्र कोणत्या शाळेत, हे दिलेलं असतं. त्यावरून गाव ठरतं, क्रमांकावरून नाही.

गावाचं नावही दगा देतं. कुऱ्हे (पानाचे) भुसावळ तालुक्यात, कुऱ्हा (काकोडा) मुक्ताईनगर तालुक्यात. इंग्रजी यादीत कंस गळाला की दोन्हींची सरमिसळ होते. खुर्द-बुद्रुकचं तर विचारूच नका. म्हणून आम्ही नावाऐवजी 2011 च्या जनगणनेचा गाव-कोड वापरतो.

बूथची अधिकृत हद्द आखलेली तयार फाइल मिळत नाही. गावाची हद्द घेऊन त्यातल्या बूथांची बेरीज रंगवणं, हा आमच्या मते खेड्यांसाठी प्रामाणिक मार्ग. जळगाव, धुळे, भुसावळ शहरांत मात्र आम्ही केंद्राच्या जागी ठिपका देतो, हद्द अंदाजाने ओढत नाही. अक्कलकुव्यात आणि धडगावकडे गाव एक पण पाडे डोंगरभर पांगलेले. नर्मदाकाठी सरदार सरोवराच्या पाण्यामुळे मतदान पथकं बार्जने जातात. तिथे अख्खं गाव एका रंगात भरलं की निर्मनुष्य डोंगरही ‘लीड’ देताना दिसतो. तिथेही ठिपकाच बरा.

जे करत नाही
लहान पाड्याचा एकच बूथ असेल तर कुणी कुणाला मत दिलं याचा अंदाज बांधणं अवघड नसतं. एकेका बूथचा आकडा उघड होऊ नये म्हणून 14 मतदान यंत्रांची मतं एकत्र मोजण्याची सूचना आयोगाने पूर्वी केली होती, ती अमलात आली नाही. त्यामुळे आकडे उघडे आहेत, पण घरवार किंवा जातवार याद्या त्यांना जोडून आम्ही देत नाही. कितीही पैसे दिले तरी.

येताना
मतदारसंघाचं नाव, निवडणुकीचं वर्ष आणि लोकसभा की विधानसभा, एवढं सांगा. झेडपी गट, पंचायत समिती गण किंवा महापालिका प्रभाग हवा असेल तर आधीच बोला. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या, त्यांची केंद्रं आणि कागद वेगळे, वेळही जास्त लागतो. काम झाल्यावर एक्सेल तक्ता, छापण्याजोगा नकाशा आणि क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाइल मिळेल. क्यूजीआयएस फुकट आहे. पुढच्या वेळी रंग बदलायला आमच्याकडे यावं लागणार नाही.