सॉफ्टवेअर पेटंट आणि बाजारातील स्पर्धा

संगणक प्रोग्रॅमच्या कार्यपद्धतीवर ठरावीक मुदतीसाठी, सहसा अर्जापासून २० वर्षे, मिळणारा एकाधिकार म्हणजे सॉफ्टवेअर पेटंट. कॉपीराइट फक्त लिहिलेल्या कोडला मिळतो, पेटंट त्यामागच्या युक्तीला, आणि स्पर्धेचा सगळा गुंता इथेच आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे झाले की अडत्याला पट्टी काढायची असते : वजन गुणिले दर, त्यातून हमाली-तोलाई वजा. त्यासाठी कोणीही स्वतःचा प्रोग्रॅम लिहावा, कॉपीराइट आडवा येत नाही. पण काट्यावरचे वजन थेट पट्टीत घेण्याच्या पद्धतीवरच एखाद्याला पेटंट मिळाले, तर बाकीच्यांना दुसऱ्याच्या कोडची एक ओळही न उचलता परवाना तरी घ्यावा लागेल, नाहीतर ती सोय काढावी लागेल.

भारतात ही वेळ सहसा येत नाही. पेटंट कायदा, १९७० मध्ये २००२ साली झालेल्या दुरुस्तीतील कलम ३(के) अल्गोरिदम (हिशेबाच्या ठरावीक पायऱ्या), व्यवसायपद्धती आणि निव्वळ संगणक प्रोग्रॅम यांना पेटंट नाकारते. २००४ च्या वटहुकुमाने हे दार किलकिले केले होते. संसदेने २००५ मध्ये ते पुन्हा लावले. मात्र तांत्रिक परिणाम, म्हणजे प्रोग्रॅममुळे यंत्राच्या कामात झालेली सुधारणा, दाखवता आला तर अर्ज तग धरतो, हे दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१९ च्या फेरिद अल्लानी निकालातून दिसते. युरोपीय संसदेने २००५ मध्ये सॉफ्टवेअर पेटंटच्या नियमांचा मसुदा ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला.

अमेरिकेची वाट वेगळी. ॲमेझॉनने एका क्लिकमध्ये खरेदी करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेऊन डिसेंबर १९९९ मध्ये, ऐन नाताळच्या हंगामात, बार्न्स अँड नोबल या प्रतिस्पर्धी पुस्तकविक्रेत्याविरुद्ध मनाईहुकूम मिळवला. वरच्या न्यायालयाने तो २००१ मध्ये उठवला, पण हंगाम केव्हाच सरला होता. याउलट टोरंटोच्या आय-फोर-आय या छोट्या कंपनीने मायक्रोसॉफ्टविरुद्ध सुमारे २९ कोटी डॉलरची भरपाई जिंकली आणि २०११ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयातही टिकली. अर्थात, इतकी वर्षे वकील पोसण्याची ऐपत किती छोट्यांची असते?

पेटंट पाडायचे तर ती युक्ती आधीपासून माहीत होती याचा जुना दाखला लागतो. हळदीने जखम भरते यावरचे अमेरिकी पेटंट भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) जुने ग्रंथ पुढे करून १९९७ मध्ये रद्द करवले. जुने प्रोग्रॅम असे छापून ठेवलेले नसतात. संगणक भंगारात गेला की पुरावाही गेला.

पेटंट देशापुरते असले तरी माल परदेशी विकणाऱ्याला तिथला कायदा लागतो. लॉडसिस कंपनीने २०११ मध्ये आयफोनची ॲप बनवणाऱ्या छोट्या मंडळींना पेटंटभंगाच्या नोटिसा धाडल्या, त्यांत अमेरिकेबाहेरचेही होते.