लकवा मारलेला हात आणि खापरावरचा मांडा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात घरोघरी चुलीवर खापर चढतं. पुरण भरलेला गोळा आजी दोन्ही हातांवर घेते, या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत पसरवते आणि उपड्या खापरावर अलगद सोडते. पोळपाट नाही, लाटणं नाही. दर झेलीला मांडा पातळ होतो, त्याचं वजन कडेकडे सरकतं, तरी तो फाटत नाही.

मेंदूने हुकूम सोडला की स्नायू हलतो, एवढ्यावर हे होत नाही. डोळ्यांनी बघून हात सावरायला सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग जातो. तेवढ्यात मांडा लोंबून फाटेल. म्हणून लहान मेंदू पुढचं आधीच हेरून ठेवतो. उभ्याने झटकन हात वर केलात, तर दंडाच्या आधी पायाचे आणि पाठीचे स्नायू कामाला लागतात, तोल जाऊ नये म्हणून.

निकोलाय बर्नस्टाईन या रशियन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात मॉस्कोत छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या सांध्यांवर छोटे दिवे बांधून चित्रण केलं. हातोडा दर वेळी जवळपास त्याच वाटेने यायचा, पण खांदा, कोपर, मनगट यांचे कोन मात्र प्रत्येक घावाला थोडे वेगळे. सराईत कामगार पाठ केलेली हालचाल गिरवत नव्हता, तेच कोडं रोज नव्याने सोडवत होता.

लकव्यात मूळ बिघाड स्नायूत नसतो. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते आणि हुकमाच्या वाटा तुटतात. मग ‘मना हात उठस नही’ म्हणत माणूस दुसऱ्या हाताने सगळं उरकू लागतो, आणि जे थोडंफार जमलं असतं तेही सुटतं.

घरचे तेल चोळतात. बरं वाटतं, पण त्यात हालचाल चोळणारा करतो, रुग्णाचा मेंदू नाही. लुळा हात धरून ओढणं तर नकोच, खांदा दुखावतो. पिळायला चेंडू देण्याचाही मला राग आहे. मूठ वळणं बहुतेकांना आधी जमतं, अडतं ते बोटं उघडण्यात. त्यापेक्षा पेला उचलून फळीवर ठेवा, आज रिकामा, उद्या अर्धा भरलेला. शेंगा सोला. बोंडातला कापूस वेचणं तर फारच चांगलं: बोंडाची टोकं टोचतात, म्हणून चिमूट नेमकी उघडावी लागते आणि नेमकी मिटावी लागते.

हे किती वेळा करायचं? अमेरिका-कॅनडातल्या उपचारांची एक पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. तिथे हाताच्या अशा कामांची आवर्तनं एका सत्रात सरासरी ३२च भरली. प्राण्यांच्या मेंदूत बदल दिसले ते रोजच्या शेकडो आवर्तनांनंतर.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांची पद्धत याहून कडक. चांगल्या हातात दिवसभर जाड हातमोजा घालायचा आणि दोन आठवडे लुळ्या हाताकडून तासन्‌तास कामं करून घ्यायची. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या २२२ रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या उपचारांपेक्षा याचा फायदा जास्त दिसला. मात्र मनगट आणि बोटं थोडी तरी आपणहून उघडत असली तरच ही पद्धत चालते. ज्यांची अजिबात उघडत नाहीत, त्यांना फिजिओथेरपिस्ट चांगल्या हाताचं प्रतिबिंब आरशात बघत करायचे व्यायाम किंवा स्नायूंना विजेची सौम्य उत्तेजना देऊन बघतात.