दहा हजार कोंबड्या आणि एक दार

ऑस्ट्रेलियात अंड्यांच्या खोक्यावर ‘फ्री रेंज’, म्हणजे बाहेर हिंडायची मुभा असलेल्या कोंबड्यांची अंडी, असं छापायचं, तर सोबत एक आकडाही ठळक छापावा लागतो: एका हेक्टरला किती कोंबड्या? 26 एप्रिल 2018 पासून हा नियम लागू आहे. कमाल मर्यादा 10,000. हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर, तेव्हा या मर्यादेला टेकलेल्या फार्मवर एका कोंबडीच्या वाट्याला बाहेरची एक चौरस मीटर जागा येते. 1,500 छापणाऱ्याकडे तीच जागा साडेसहा चौरस मीटरच्या वर जाते. शब्द मात्र दोन्ही खोक्यांवर एकच. कोंबड्या कशा पाळाव्यात हे सांगणाऱ्या तिथल्या 2002 च्या आदर्श संहितेत 1,500 हाच आकडा होता, म्हणून ‘चॉइस’ या ग्राहक संघटनेने त्याचा आग्रह धरला होता. युरोपीय संघाने 2,500 ची, म्हणजे कोंबडीमागे चार चौरस मीटरची रेघ ओढली आहे.

हा आकडा छापला जातो हे मला मोलाचं वाटतं. पण तो जमिनीबद्दल बोलतो. कोंबडी त्या जमिनीवर पाय ठेवते का, हे त्यातून कळत नाही.

कोंबड्यांच्या पायात रेडिओ टॅग बसवून केलेल्या अभ्यासांत एकाच कळपातल्या पक्ष्यांच्या सवयी फार वेगवेगळ्या आढळल्या. काही रोज तासन्‌तास बाहेर हिंडतात, काही क्वचितच दाराबाहेर येतात. कळप मोठा झाला की एका वेळी बाहेर दिसणाऱ्या कोंबड्यांचं प्रमाण सहसा घटतं. कारण पाळीव कोंबडीच्या पूर्वजांत शोधावं लागतं. ती ज्या रानकोंबडीपासून आली, ती झाडाझुडपांच्या आडोशाने जगणारी. उघड्या आभाळाखालचं सपाट कुरण आपल्याला मोकळं वाटतं. कोंबडीच्या दृष्टीने तिथे घार झडप घालते. म्हणून बऱ्याच कोंबड्या शेडच्या भिंतीलगतच घोटाळतात. तिथलं गवत उकरून संपतं, विष्ठा साचते, जंतांची अंडी वाढतात, आणि पलीकडचं कुरण जवळपास अस्पर्श राहतं. झाडं लावली, छत उभारलं, की त्या लांबवर जाऊ लागतात.

दुसरी गोष्ट दाराची. शेडच्या भिंतीला तळाशी छोटी दारं ठेवलेली असतात. युरोपीय नियमांत त्यांचंही माप आहे: किमान 35 सेंटीमीटर उंच, 40 सेंटीमीटर रुंद, आणि दर 1,000 कोंबड्यांमागे एकूण दोन मीटर रुंदीची वाट. हजारोंच्या गर्दीत आत खोलवर बसलेल्या कोंबडीला अनोळखी पक्ष्यांमधून रस्ता काढत तिथवर पोचायचं असतं. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने एका अंडी उत्पादकाला साडेसात लाख डॉलरचा दंड ठोठावला, तो याच मुद्द्यावर. दारं होती, पण शेडची रचना आणि आतली संख्या अशी, की बहुतेक कोंबड्या बाहेर पडतच नव्हत्या.

मग दिवसाचा उरलेला वेळ आणि सगळी रात्र जिथे जाते, त्या आतल्या जागेचं काय? प्राणी-वर्तनाच्या अभ्यासक मॅरियन डॉकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1989 मध्ये कोंबड्यांचे वरून फोटो काढून मोजमाप घेतलं. नुसतं उभं राहायला सरासरी 475 चौरस सेंटीमीटर लागतात. वळायला जवळजवळ 1,270, आणि पंख फडफडवायला 1,870 च्या आसपास. यापुढे ए-फोर कागद ठेवून पाहा: तो सुमारे 624 चौरस सेंटीमीटरचा. ऑस्ट्रेलियातल्या जुन्या पद्धतीच्या पिंजऱ्यांत कोंबडीमागे 550 चौरस सेंटीमीटर गृहीत धरले जात. तेवढ्यात उभं राहता येतं, एवढंच. युरोपीय संघाने असे साधे पिंजरे 2012 पासून बंद केले. सुधारित पिंजऱ्यात किमान 750 लागतात, तर बिनपिंजऱ्याच्या शेडमध्ये वापरण्याजोग्या दर चौरस मीटरला जास्तीत जास्त नऊ कोंबड्या, म्हणजे प्रत्येकीला 1,100 हून थोडे अधिक. अर्थात शेडमध्ये ही जागा सामायिक असते. शेजारीण दांडीवर बसली की हिला पंख पसरता येतात. पिंजऱ्यात ती सोय फारच तोकडी.

बलकाच्या गडद केशरी रंगावरून कोंबडी हिंडणारी होती असं अनेकजण ठरवतात. तो रंग खाद्यातल्या कॅरोटीनॉइड रंगद्रव्यांवर ठरतो, आणि ती कुठल्याही शेडमधल्या खाद्यात मिसळता येतात. युरोपात अंड्याच्या कवचावरचा पहिला अंक जास्त भरवशाचा: 0 सेंद्रिय, 1 फ्री रेंज, 2 शेडमधली मोकळी, 3 पिंजरा.

बर्ड फ्लूने या अंकालाही पेचात टाकलं. साथीत कोंबड्या आत कोंडाव्या लागतात, आणि अशी अंडी 16 आठवड्यांपर्यंतच फ्री रेंज म्हणून विकता येत. 2022 च्या मार्चमध्ये ब्रिटनमध्ये ती मुदत संपली, आणि त्याच फार्मची, त्याच कोंबड्यांची अंडी ‘बार्न एग्ज’, म्हणजे शेडमधली अंडी, या नावाने विकावी लागली.