रेडिओवरून उतरवलेला गेम

झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या संगणकाची गेमची कॅसेट वाजतानाच्या कर्कश किंचाळीचे व्हिडिओ अधूनमधून फिरत असतात आणि खाली हटकून कुणीतरी लिहितं, 'टेप खराब झालीय.' टेप ठणठणीत असते. तो आवाज म्हणजेच गेम!

स्पेक्ट्रम हा सिंक्लेअर कंपनीचा घरगुती संगणक १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये आला. पुढे भारतातही डेसिबेल्स कंपनीने तो परवान्याखाली विकला. त्यात हार्ड डिस्क नव्हती. 'मॅनिक मायनर'सारखा गेम घरातल्या साध्या टेपरेकॉर्डरवरून चढवायचा.

आता खरी गंमत. टेपवर ० म्हणजे सुमारे ४८९ मायक्रोसेकंदांची एक लाट आणि १ म्हणजे बरोबर त्याच्या दुप्पट लांबीची. आवाज किती मोठा आहे याच्याशी संगणकाला फारसं देणंघेणं नाही. लाट वरून खाली किंवा खालून वर गेली की तो क्षण तो टिपतो आणि पुढच्या अशा क्षणापर्यंत मोजत बसतो. झेड८० प्रोसेसरचे सेकंदाला ३५ लाख ठोके पडतात, मोजणीच्या एका फेरीला ५९ ठोके लागतात. फेऱ्या कमी भरल्या तर ०, जास्त भरल्या तर १. दोन्ही लाटांत दुपटीचा फरक असल्याने टेप थोडी हळू फिरली तरी बिघडत नाही. यातून एक विलक्षण गोष्ट निघते: लोड व्हायला लागणारा वेळ मजकुरावर ठरतो! पडद्यावरचं चित्र ६९१२ बाइटचं, आणि एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे आठ ० किंवा १. सगळे बिट ० असतील तर ते २७ सेकंदांत येतं, सगळे १ असतील तर ५४. शेवटी एक पडताळणीचा बाइट असतो. सगळ्या बाइटांचा एक्सऑर (बिटांची हातचा न धरता केलेली बेरीज) त्याच्याशी जुळला नाही, की 'टेप लोडिंग एरर'.

जे टेपवर मावतं ते रेडिओवरूनही जातं. युगोस्लाव्हियातल्या बेलग्रेडच्या रेडिओ २०२ वर निवेदक झोरान मोडली १९८३ पासून 'व्हेंटिलेटर २०२' या कार्यक्रमात चक्क प्रोग्रॅम प्रसारित करत. श्रोते ते टेप करून आपल्या संगणकावर चढवत. मध्येच रेडिओ खरखरला की एखादा बिट बदलायचा आणि सगळं मुसळ केरात.

त्याच दशकात रॉकच्या तबकड्या उलट्या फिरवल्या की सैतानाचे संदेश ऐकू येतात, अशी आवई अमेरिकेत उठली होती. भलभलत्या आवाजांत शब्द शोधणाऱ्या कानांचा तो खेळ, दुसरं काही नाही. तबकडीत दडवलेला खरा संदेश हवा असेल, तर ब्रिटिश गायक पीट शेलीची १९८३ ची 'एक्सएल १' घ्या. तिच्यावर स्पेक्ट्रमचा प्रोग्रॅमच मुद्रित आहे. गाणी वाजत असताना तो पडद्यावर त्यांचे शब्द दाखवतो.

जुना स्पेक्ट्रम हाताशी असेल तर मोबाइलचा हेडफोन-आउट त्याच्या 'इअर' सॉकेटला जोडून आजही गेम चढवता येतो. फाइल डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी) घ्या, इक्वलायझर बंद ठेवा आणि व्हॉल्यूम बऱ्यापैकी वर.