घडीचा चाकू (बेळगाव सीमाभाग)

घडीचा चाकू म्हणजे पाते मुठीच्या खाचेत मिटवून खिशात ठेवता येणारा लहान चाकू. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात मराठी बोलणारे त्याला नुसते ‘चाकू’ म्हणतात. शेजारचा कन्नड बोलणाराही ‘चाकू’च म्हणतो. शब्द मुळात फारसीकडचा, त्यामुळे सीमावादात तो कोणाच्याच बाजूने उभा राहत नाही. न मिटणारी ती सुरी. वाकड्या पात्याचा तो विळा, बोलीत ‘इळा’, कन्नडात ‘कुडगोल’. कत्ती हा शब्द दोन्ही भाषांत आहे आणि दोन्हीकडे तो मोठ्या पात्यालाच लागतो. प्रस्तुत नोंद रोज जवळ बाळगण्याच्या घडीच्या चाकूपुरती, आणि तो कसा निवडावा यापुरती आहे.

मिटणारे पाते ही कल्पना फार जुनी आहे. ऑस्ट्रियातील हालस्टाट येथे हाडाच्या मुठीचा असा चाकू सापडला असून तो इसवी सनापूर्वी सुमारे 600 ते 500 या काळातला मानतात. आज दुकानात दिसणारे बरेचसे नमुने मात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात घडले. फ्रान्सच्या साव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेलने 1890 मध्ये लाकडी मुठीचा साधा चाकू केला. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनरने 1891 मध्ये सैन्याला चाकू पुरवले आणि 1897 मध्ये अनेक पात्यांचा ‘ऑफिसर’ चाकू नोंदवला. पुढे तोच व्हिक्टोरिनॉक्सचा लाल चाकू म्हणून जगभर गेला. जपानचा हिगोनोकामीही त्याच दशकातला. त्याला ना स्प्रिंग ना कुलूप. पात्याच्या मागची दांडी अंगठ्याने दाबून धरायची, एवढेच.

सीमाभागात या वस्तूचा खरा पूर्वज चाकू नसून अडकित्ता आहे. जुन्या पिढीतल्या माणसाच्या बंडीच्या आतल्या खिशात चंची असे: कापडी, कप्प्याकप्प्यांची, दोरीने गुंडाळलेली. एका कप्प्यात पान, एकात सुपारी, चुन्याची डबी आणि मध्ये अडकित्ता. सांध्यावर फिरणारे, मिटून खिशात जाणारे आणि दिवसातून दहा वेळा बाहेर निघणारे धारदार लोखंड म्हणजे हेच. तंबाखू-गुटख्याच्या पुड्या आल्या आणि चंची गेली, पण खिशात काहीतरी धारेचे असावे ही सवय टिकली. दुसरा पूर्वज शाळेतला. बोरूचे टोक तासायला चाकू लागे. फारसीत त्याला कलमतराश म्हणजे लेखणी तासणारा असेच नाव आहे. इंग्रजांचा ‘पेननाइफ’ही पिसाची लेखणी तासूनच त्या नावाला आला.

काम काय

चाकू निवडताना पहिला प्रश्न हाच. बेळगावच्या गल्लीतल्या लोखंडी सामानाच्या दुकानात तरुण गिऱ्हाईक ‘बटणाचा दाखवा’ म्हणते, आणि काउंटरमागचा म्हातारा विचारतो, ‘त्ये घेऊन काय करताय, मालक? सुतळीच कापणार न्हवं?’

म्हाताऱ्याचे बरोबर आहे. मार्केट यार्डात बटाट्याच्या पोत्याची शिवण उसवणे, खताच्या गोणीचे तोंड उघडणे, ठिबकच्या नळीचा तुकडा छाटणे, पार्सलची चिकटपट्टी फाडणे, बांधावर पेरू नाहीतर वाळूक चिरणे, उसाचे करवे करून पोराच्या हातावर ठेवणे: दिवसभराचे काम एवढेच असते. ऊस तोडायला कोयता आहे, तण काढायला खुरपे आहे, घरात भाजीला विळी आहे. यांतले एकही काम खिशातल्या चाकूने करू नये आणि त्यासाठी तो मोठाही घेऊ नये. पाते सहा ते आठ सेंटिमीटर पुरते. आपल्याच हाताची चार बोटे जुळवून आडवी धरावीत. तेवढ्या रुंदीचे पाते बहुतेक सगळी कामे करते. ओपिनेलचा सर्वांत खपणारा आठ नंबर साडेआठ सेंटिमीटरचा आहे, आणि खिशासाठी तोही जरा लांबच वाटतो. शहाळे फोडणे, डबा उचकटणे, स्क्रू फिरवणे ही चाकूची कामे नव्हेत. टोके मोडलेले बहुतेक चाकू याच तिघांचे बळी असतात.

टोकाबद्दल थोडे. सुईसारखे टोक दिसायला छान दिसते, पण सुतळी, फळ आणि पुठ्ठा यांना त्याची गरज नसते. कलम बांधणाऱ्याला सरळ धारेचे पाते हवे असते, कारण डोळा भरताना किंवा खुंटावर काप घेताना काप सपाट यावा लागतो. बाकीच्यांनी पोट किंचित गोल आणि टोक खाली उतरलेले पाते घ्यावे. करवतीसारखे दाते असलेले पाते दोर सपासप कापते, पण घरच्या निसण्यावर त्याला धार लावता येत नाही, म्हणून ते टाळलेले बरे.

मिटणे

विकत घेताना लोक धार बघतात, अंगठ्याच्या नखावर घासून. धार ही नंतरही लावता येते; सांधा मात्र विकत घेतला तसाच राहतो. घडीचा चाकू हा मुळात सांधा आहे, आणि त्याने होणाऱ्या बऱ्याच जखमा पाते अवेळी बोटांवर मिटल्याने होतात.

सर्वांत साधा प्रकार स्लिपजॉइंट. मुठीच्या पाठीत एक पोलादी कमान असते आणि तिचा दाब पात्याच्या बुडावर येतो. उघडताना नखाच्या खाचेत नख घालून पाते ओढायचे. अर्ध्यावर ते थांबते, मग ‘कट्’ असा आवाज करून पूर्ण उघडते. याला कुलूप नसते. धारेच्या दिशेने दाबून कापताना तो उघडाच राहतो, पण टोकाने भोसकायला गेलात की उलटा मिटतो. व्हिक्टोरिनॉक्सचे बहुतेक लहान चाकू याच जातीचे. सुतळी आणि पेरूसाठी याहून जास्त काही लागत नाही.

कुलूपवाल्यांत तीन-चार जाती आहेत. बॅक लॉकमध्ये मुठीच्या पाठीवरची दांडी पात्याच्या खाचेत बसते आणि मिटवताना ती दाबावी लागते. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी बाजूला सरकून पात्यामागे अडते. मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेतच असतो, हे लक्षात ठेवावे, आणि डावखुऱ्याने तो आधी हातात घेऊन पाहावा. फ्रेम लॉक हा त्याचाच जाड भाऊ. ओपिनेलवर 1955 पासून फिरती कडी आली: पाते उघडून कडी फिरवली की झाले. मातीने, उसाच्या रसाने किंवा फणसाच्या चिकाने न अडणारे कुलूप हवे तर या कडीइतके साधे दुसरे नाही. अडलेच तर धुऊन मोकळे होते. लाकडी मूठ मात्र पावसात फुगते आणि पाते निघता निघत नाही. त्याला इलाज म्हणजे तेल आणि थोडा धीर.

दुकानात करायच्या परीक्षा तीनच. पाते उघडून टोकाजवळ चिमटीत धरावे आणि डावीउजवीकडे हलवावे. सांधा खुळखुळला तर परत द्यावा. मग कुलूपवाला चाकू असेल तर मूठ अशी धरावी की मिटण्याच्या वाटेत एकही बोट येणार नाही, आणि पात्याची पाठ काउंटरच्या कडेवर हलकेच टेकवून दाबावी. कुलूप सरकले तर तो चाकू फुकट मिळाला तरी नको. शेवटी मिटवून वरून बघावे: पाते खाचेच्या मधोमध बसायला हवे, एका बाजूला घासता कामा नये.

पोलाद आणि पाऊस

इथे एकाच जिल्ह्यात दोन उत्तरे मिळतात. पश्चिमेला कणकुंबी, जांबोटी, खानापूरचा जंगलपट्टा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कपाटातल्या चामड्याला बुरशी येते, तिथे लोखंडाचे काय. पूर्वेला अथणीकडे कोरडी हवा. साधे कार्बन पोलाद निसण्यावर चार हात मारले की धारेला येते आणि लवकर सुधारते, पण ओल राहिली की रात्रीत तांबूस ठिपके धरते. कैरी, चिंच, कोकम किंवा लिंबू कापले की त्याचे पाते काळेनिळे पडते. हा काळेपणा म्हणजे गंज नव्हे. उलट तो थोडा आडोसाच करतो. तरीही चव लागते, आणि कापलेल्या पेरूच्या फोडीला लोखंडाचा वास येतो. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते, चाकूच्या पोलादात बहुधा तेराच्या पुढे. ते गंजत नाही असे नाही, उशिरा गंजते. खानापूरकराने स्टेनलेस घ्यावे. अथणीकराला कार्बन चालेल.

कडकपणा रॉकवेल मापाने मोजतात. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम आणि मशीनशॉप इतके आहेत की हे माप इथे चहाच्या टपरीवरही कळते. व्हिक्टोरिनॉक्सचे पाते सुमारे 56 असते: जरा मऊ, पण मोडत नाही आणि कुठल्याही दगडावर धारेला येते. महागड्या चाकूंवर साठ-एकसष्टचे आकडे लिहिलेले असतात. तसली धार पुष्कळ दिवस टिकते खरी, पण उतरली की घरच्या निसण्याला दाद देत नाही. रोजच्या कामाला 55 ते 58 भरपूर.

याच मशीनशॉपमधून एक देशी जातही निघते. पॉवर हॅक्सॉचे, म्हणजे लोखंड कापायच्या यांत्रिक करवतीचे, मोडलेले पाते ग्राइंडरवर घासून, बुडाला इन्सुलेशन टेप गुंडाळून केलेला चाकू. तो मिटत नाही, म्हणून या नोंदीत बसत नाही, पण कापतो मात्र भल्याभल्यांपेक्षा सरस. लोहार आणि घिसाडी कोयते-विळे ट्रकच्या पाट्यांतून घडवतात. तेही पोलाद चांगले, कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वरचे. मात्र घडीच्या चाकूचा सांधा भात्यावर सहसा जमत नाही, त्यासाठी कानस आणि मोजमाप लागते.

कायदा, आणि दोन राज्ये

शस्त्र अधिनियम 1959 खालच्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत नऊ इंचांहून (सुमारे 23 सेंटिमीटर) लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी घडवलेली वस्तू त्यातून वगळली आहे. चार बोटांचा चाकू या मापाच्या जवळपासही जात नाही. पण त्याच अधिनियमाचे कलम 4 एखाद्या भागापुरते अधिसूचना काढून लहान हत्यारांवरही बंधन घालू देते. दिल्लीत बटणाच्या आणि खटक्याच्या चाकूंना 7.62 सेंटिमीटर लांबी आणि 1.72 सेंटिमीटर रुंदी अशी मर्यादा आली ती त्यातूनच. बटण दाबताच उघडणारा चाकू, म्हणजे सिनेमाने बदनाम केलेल्या रामपुरीचा भाऊबंद, कोणत्याही नाक्यावर संशयानेच पाहिला जातो. नखाने उघडायचा चाकू पोलिसाला दाखवताना निदान तोंड उघडायला वेळ मिळतो.

सीमाभागाची खरी अडचण मात्र जमावबंदीची आहे. 1 नोव्हेंबर हा 1956 च्या राज्यपुनर्रचनेचा दिवस. कर्नाटक त्याला राज्योत्सव म्हणते, मराठी माणसे काळा दिवस पाळतात, आणि शहराचे नाव अधिकृतपणे बेळगावी झाले तेही 2014 च्या याच तारखेला. त्या दिवशी, बेळगावात भरणाऱ्या कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात आणि निवडणुकांत मनाई आदेश लागू होतात, आणि अशा आदेशांत हत्यारे बाळगण्यावर बहुधा बंदी असते. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 144 कलमाखाली निघत. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 163 आहे, पण बोलण्यात अजून ‘144 लागलंय’च. शिवाय निपाणीहून कागलला किंवा बेळगावहून शिनोळीला जाणारा माणूस अर्ध्या तासात दुसऱ्या राज्यात असतो, आणि तिकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली वेगळा आदेश चालू असू शकतो. अशा दिवसांत चाकू घरी ठेवावा. पेरू दातांनीही खाता येतो. सांबऱ्याहून विमानाने जायचे तर तो हातातल्या बॅगेत चालत नाही. आत द्यायच्या सामानात टाकावा, नाहीतर तपासणीच्या टेबलावरच त्याचा निरोप घ्यावा लागतो.

निगा

धार लावताना पाते निसण्यावर पंधरा ते वीस अंशांत तिरके धरावे आणि दोन्ही बाजूंना सारखे हात मारावेत. सायकलवर साण फिरवत गल्लीत येणारा धारवाला विळी-सुरीसाठी ठीक आहे. पातळ पात्याला तो ठिणग्या काढतो, त्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते आणि धार आठवडाभर टिकत नाही. सांध्याला शिलाई मशीनचे तेल एक थेंब. घरोघरी हाताशी असते म्हणून खोबरेल घालतात, पण खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजते. डिसेंबरातल्या सकाळी बेळगावच्या थंडीत तो चाकू नखाने उघडत नाही, आणि मालक स्प्रिंगला शिव्या देतो.

खंडेनवमीला हत्यारे-अवजारे पुजतात. कर्नाटकात हीच आयुधपूजा, तीही त्याच नवमीला, त्यामुळे कारखान्यांत दोन्ही भाषांचे कामगार एकाच लेथला झेंडूची माळ घालतात. घरी पाटावर विळा, खुरपे, कोयता यांच्या शेजारी खिशातला चाकूही ठेवला जातो, उघडून. ओले हळदकुंकू सांध्यात गेले तर दसऱ्याला सोने लुटून घरी येईपर्यंत कार्बनच्या पात्याच्या बुडाशी गंजाची रेघ उमटते. बोट टेकवायचे ते मुठीला टेकवावे.