यूएफचं पाणी आरपार दिसतं, मग आरओ कशाला?

जुलैतलं नदीचं पाणी दुधाच्या चहासारखं असतं. यूएफमधून (अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे अतिबारीक गाळणी) निघालेलं तेच पाणी काचेच्या ग्लासात धरलं तर आरपार दिसतं, गढूळपणा ०.१ एनटीयूच्या खाली. आता त्या ग्लासात विरघळलेले क्षार दाखवणारा कंडक्टिव्हिटी मीटर बुडवा. नदीच्या पाण्याला जो आकडा होता, जवळपास तोच येईल. यूएफ आणि आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) दोघांनाही मेंब्रेन, म्हणजे पडदा, म्हणतात म्हणून गल्लत होते, पण यूएफ गाळ अडवतं आणि आरओ क्षार.

यूएफमध्ये शेवयांसारखे पोकळ धागे असतात आणि त्यांच्या भिंतीला ०.०१ ते ०.१ मायक्रॉनची छिद्रं. चिकणमाती, शेवाळ, जिवाणू, कणरूप सिलिका अडते. कॅल्शियम, क्लोराइड आणि विरघळलेली सिलिका सरळ पार जाते. एक-दोन बार दाब पुरतो. आरओच्या गुंडाळीत पॉलिअमाइडचा अतिपातळ थर असतो, त्याला अशी छिद्रंच नाहीत. नदीच्या पाण्यासाठी साधारण ८ ते १५ बार दाब लागतो आणि ९८ टक्क्यांच्या आसपास क्षार मागे राहतात.

खरा फरक धुण्यात आहे. यूएफला दर अर्ध्या-पाऊण तासाने मिनिटभर उलट्या दिशेने पाणी मारता येतं, गाळ सुटतो. आरओच्या गुंडाळीला असा बॅकवॉश देता येत नाही. उलटा दाब आला तर पडद्यांचे चिकटवलेले जोड फुटतात. म्हणून आरओला गाळ पोचताच कामा नये, आणि ते तपासायला एसडीआय, म्हणजे पाण्यात गाळ किती उरलाय हे सांगणारा आकडा. ०.४५ मायक्रॉनच्या चकतीतून २.१ बारला ५०० मिली पाणी जायला किती सेकंद लागले ते मोजा, पाणी चालूच ठेवा, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. आधी ३० आणि नंतर ४० सेकंद लागले तर एसडीआय सुमारे १.७, उत्तम. तीसचे साठ झाले तर ३.३, म्हणजे यूएफकडे लक्ष द्यायची वेळ आली. चकतीचा रंगही पाहा: तांबूस असेल तर बहुधा लोह, हिरवट असेल तर शेवाळ.

पावसाळ्यात त्रास यूएफला. गढूळपणा चढला की क्लॅरिफायरला (यूएफच्या आधीची गाळ खाली बसवायची टाकी) पॉलिइलेक्ट्रोलाइट, म्हणजे गाळाचे गोळे करणारं पॉलिमर, भरमसाठ सोडलं जातं. उरलेलं पॉलिमर धाग्यांना चिकटतं आणि साध्या बॅकवॉशने निघत नाही. डोस जार टेस्ट करूनच, म्हणजे आधी भांड्यांत वेगवेगळे डोस घालून पाहूनच, वाढवावा. उन्हाळ्यात मात्र त्रास आरओला, कारण नदी आटते आणि क्षार वाढतात. दख्खनच्या बेसाल्टवरून येणाऱ्या पाण्यात सिलिका असतेच. समजा ती २५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. ७५ टक्के पाणी काढून घेतलं (यालाच रिकव्हरी म्हणतात) तर मागे उरलेल्या पाण्यात, म्हणजे रिजेक्टमध्ये, ती चौपट, १०० होते, आणि सिलिकाची विरघळण्याची हद्द २५ अंशांना १२०च्या आसपास. आत येणाऱ्या पाण्यात (फीडमध्ये) ३५ झाली की रिजेक्टमध्ये १४०. अँटीस्केलंट (क्षारांचा थर बसू न देणारं रसायन) सिलिकासाठीचं नसेल तर रिकव्हरी कमी करावीच लागते. सिलिकाचा थर एकदा बसला की सहज निघत नाही.

क्लोरीनची गोष्ट सगळ्यात महाग पडते. यूएफचे पीव्हीडीएफ नावाच्या प्लास्टिकचे धागे हायपोक्लोराइटने धुतात, त्यांना ते चालतं. तेच क्लोरीन आरओत गेलं तर पॉलिअमाइड कायमचं खराब होतं. आरओतून निघालेल्या पाण्याची कंडक्टिव्हिटी चढते आणि कितीही धुतलं तरी उतरत नाही. म्हणून मध्ये क्लोरीन मारायला सोडियम मेटाबायसल्फाइट, १ पीपीएम क्लोरीनला सुमारे ३ पीपीएम. डोसिंग पंपाची टाकी रात्रीत रिकामी झाली तर कळायला हवं, त्यासाठी ओआरपी मीटर (पाण्यात क्लोरीन उरलं की आकडा चढतो) लावून तो हाय-प्रेशर पंपाच्या ट्रिपला जोडावा.

कूलिंग टॉवरला, नदी फार खारी नसेल तर, यूएफ पुरतं. उच्च दाबाच्या बॉयलरला सहसा आरओ आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार काढणारा मिक्स्ड बेड किंवा तशीच एखादी पायरी लागते.

चालू प्लांटमध्ये दोष कुणाचा हे डीपीवरून, म्हणजे आत जाताना आणि बाहेर पडतानाच्या दाबातल्या फरकावरून, ओळखता येतं. आरओच्या पहिल्या टप्प्याचा डीपी १५ टक्के वाढला तर गाळ किंवा जिवाणूंचा थर समजा आणि यूएफचे धागे तपासा. धाग्यांच्या नळकांड्यांना (मॉड्यूलना) सुमारे १ बार हवा द्या. ज्या मॉड्यूलच्या पारदर्शक नळीत बुडबुडे सतत निघतात, त्यातला धागा तुटलेला आहे. त्या धाग्याच्या तोंडात पिन ठोकून तो बंद करतात. शेवटच्या टप्प्याचा डीपी वाढला आणि तिथलं परमिएट (गाळून निघालेलं पाणी) घटलं, तर क्षार बसले आहेत. तेव्हा यूएफ धुऊन उपयोग नाही, अँटीस्केलंटचा पंप आणि रिकव्हरी पाहा.